ड्रोन उतरतो तेव्हा

(बुलढाणा जिल्ह्यातील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते भूगोल शिकवायचे. लोणारची सहल काढली की त्यांचा एक हट्ट असे. काठावर उभे राहून सरोवराचे चित्र काढायला बसलेल्या पोराची वही ते काढून घेत. आधी खाली उतरायचे, कमळजा देवीच्या देवळापर्यंत जायचे, पाण्याला हात लावून त्याचा बुळबुळीतपणा बघायचा, नाकाला झोंबणारा वास घ्यायचा आणि मग चढून वर आल्यावर वही उघडायची. त्या चढाचा आम्हाला राग यायचा. आज मी ज्या यंत्राबद्दल बोलणार आहे, ते यंत्र तो चढ वाचवते असे त्याचे विक्रेते सांगतात. गुरुजींचा हट्ट आणि विक्रेत्यांचे म्हणणे यांत कोणाची बाजू घ्यावी, हा आजचा विषय आहे.

ड्रोन उडाला की गावात गर्दी होते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. मला बोलायचे आहे ते तो उतरल्यानंतरचे. त्याच्या पोटातले चित्र कुणाकडे जाते, कोण वाचते, आणि वाचलेले खरे की खोटे हे पाहायला कोण पायी निघते?

जमीन वाचण्याची खटपट या जिल्ह्याला नवी नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. मधोमध पाण्याचा करवा, त्याखाली पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, भोवती धान्यांचे दाणे. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत झालेला बदल पाहून पाऊसपाण्याचे भाकीत सांगतात. याला विज्ञान म्हणता येणार नाही. मीही म्हणत नाही. रात्रीतून विरघळलेल्या ढेकळाचा आणि बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्याचा संबंध लागत नाही. पण त्या मांडणीतली एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. घट उघड्या वावरात असतो, भाकीत सर्वांसमोर होते, आणि ते चुकले तर पुढच्या वर्षी टोमणा मारणारेही तिथेच उभे असतात. ही गोष्ट बाजूला ठेवतो. शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

आता लोणार. घाटावरचे हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. योगायोग बघा, त्याच वर्षी जानेवारीत आपल्या विदर्भात हिंगणघाटला विल्यम लॅम्बटन वारला. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट टेकड्यांवर चढवून मद्रासपासून उत्तरेकडे हिंदुस्थान मोजत निघालेला हा माणूस. पुढची दीडशे वर्षे लोणार काठावरून पाहिले गेले, रेखाटले गेले, मोजले गेले, आणि तरी वाद मिटेना. ज्वालामुखीचे तोंड गोल असते, उल्केचा खड्डाही गोलच असतो. नुसत्या आकारावरून निवाडा कसा होणार? तो झाला १९७३ मध्ये. संशोधक फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तळात भोके पाडून काढलेल्या खडकांत जबर आघातानेच तयार होणारे खनिज-काचेचे अंश दाखवले, आणि बेसाल्टमधले हे आघाती विवर म्हणून लोणार जगाच्या नकाशावर गेले. वयाचा घोळ त्यानंतरही चालू राहिला. आधी ५० हजार वर्षांच्या आसपास धरलेले वय, खडकातल्या आर्गॉन वायूच्या मोजणीने पुढे ५ लाख ७० हजार वर्षांच्या घरात गेले.

वरून दिसते पण उलगडत नाही, हा खेळ २०२० च्या जूनमध्ये आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा झाला. सरोवर एकाएकी गुलाबी दिसू लागले. टाळेबंदीचे दिवस, घरात अडकलेल्या माणसांच्या मोबाइलवर वरून काढलेली छायाचित्रे फिरू लागली. अमेरिकेच्या 'नासा'ने २५ मे आणि १० जूनची उपग्रहचित्रे शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा हिरव्याचा गुलाबी झालेला रंग जगाने पाहिला. रंग बदलला हे आकाशातून कळले. का बदलला हे कळायला मात्र कुणालातरी बाटल्या घेऊन काठाशी उतरावे लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून सांगितले की खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचे हे रंगद्रव्य आहे. पाऊस पडला, पाणी सौम्य झाले आणि रंग ओसरला. त्याच वर्षी लोणार पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले.

म्हणजे वरून पाहणे वाया गेले का? मुळीच नाही. रंग कोणत्या बाजूने चढत गेला, पाणी काठापासून किती मागे सरले, वेडी बाभूळ उतारावर कुठवर पसरली, 'धार' या झऱ्याचे आणि गावाकडून येणारे पाणी नेमके कुठे मिसळते, हे काठावरच्या माणसाला एका नजरेत दिसत नाही. ड्रोनला दिसते. बाटली कुठे बुडवायची हे तो सांगू शकतो. बाटली मात्र आपल्यालाच बुडवायची असते.

हे यंत्र पाहते कसे, ते दोन शब्दांत सांगतो. साधा मोजणीचा ड्रोन शंभरेक मीटर उंचीवरून, नांगराच्या तासासारख्या समांतर रेघांत, पुढे-मागे जातो. जाता जाता तो शेकडो छायाचित्रे घेतो, आणि प्रत्येक छायाचित्र आधीच्याचा सत्तर-ऐंशी टक्के भाग पुन्हा दाखवते. एकच दगड पाच-दहा वेगवेगळ्या कोनांतून टिपला जातो, म्हणून संगणकाला त्याची उंची काढता येते. दोन डोळ्यांनी आपल्याला खोली कळते, तसेच हे. त्यातून एक सलग नकाशा तयार होतो आणि जमिनीच्या उंचसखलपणाचे चित्र मिळते. त्यातला एक ठिपका दोन-चार सेंटिमीटरचा. काही कॅमेऱ्यांना आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही दिसतो. निरोगी पान तांबडा प्रकाश पिऊन टाकते आणि अवरक्त परत फेकते. पीक आजारले की हे गणित बिघडते. या दोन प्रकाशांच्या तुलनेतून पिकाच्या तब्येतीचा आकडा निघतो.

पण ड्रोनच्या आधी उपग्रह आठवा. युरोपचे सेंटिनेल-२ हे उपग्रह दर पाच दिवसांनी आपल्या वावरावरून जातात आणि त्यांची चित्रे फुकट मिळतात. त्या चित्रातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा. आता वऱ्हाडच्या जुन्या मोजणीची साखळी आठवा. ती ३३ फुटांची, म्हणजे दहा मीटरच. तिचे सोळा भाग, त्यांना आणे म्हणत. साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. सांगायचे काय, तर अवकाशातून येणारा एक ठिपका म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा! १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर वऱ्हाडात जमाबंदीची मोजणी झाली, तेव्हा साखळी ओढणारा माणूस ज्या मापाने चालला, त्याच मापाने आज उपग्रह पाहतो. ज्याला तालुक्यातले सोयाबीन कुठे पिवळे पडतेय एवढेच पाहायचे आहे, त्याला हा गुंठ्याचा ठिपका पुरतो. त्याने ड्रोनवर पैसे घालू नयेत. ज्याला एका धुऱ्याचा वाद सोडवायचा आहे, त्याला ठिपका गुंठ्याचा नको, विटेपेक्षा लहान हवा. शिवाय पावसाळ्यात ढग दाटले की उपग्रह आंधळा होतो, आणि ड्रोन ढगाखालून जाऊ शकतो. पण धो धो पावसात आणि वाऱ्यात तोही घरीच बसतो, आणि त्याची बॅटरी साधारण अर्धा तास टिकते, हेही विसरू नका.

धुऱ्याचा विषय निघालाच आहे, तर गावठाणाकडे येतो. सातबारा शेताला असतो. गावठाणातल्या घराला, वाड्याला, परसाला पिढ्यानपिढ्या कागद नव्हता. होती ती ग्रामपंचायतीची कर-आकारणीची नोंद. २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली आणि भारतीय सर्वेक्षण विभागाचे ड्रोन गावठाणांवरून उडू लागले. महाराष्ट्राने याची चाचणी त्याआधीच पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात केली होती. हा सगळा खटाटोप माझ्या मते एका साध्या वस्तूवर उभा आहे. ती म्हणजे चुना. ड्रोन येण्याआधी भूमी अभिलेखचा माणूस, ग्रामसेवक आणि घरमालक मिळून प्रत्येकाच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारतात. ड्रोनला ती पांढरी रेघ दिसते. ती कुणाच्या संमतीने मारली, शेजारीण त्या दिवशी माहेरी गेली होती का, थोरल्या भावाने धाकट्याला विचारले का, यातले काहीही त्याला दिसत नाही. रेघ चुकीची असेल, तर ड्रोन ती चुकीची रेघ सेंटिमीटरपर्यंत अचूक काढतो. म्हणून गावकऱ्यांना माझे सांगणे आहे, ड्रोन बघायला गर्दी करू नका, चुना मारताना गर्दी करा. नंतर चौकशी होते, हरकती घेता येतात, मग मिळकत पत्रिका मिळते. पण भांडण मिटवायचे ते रेघ ओली असतानाच.

आता माझ्या स्वतःच्या फजितीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका गावात आम्ही सोयाबीनवरून ड्रोन उडवला. चित्रात हिरव्या पिकाच्या मधोमध एक पिवळा गोल आला, चांगला ठसठशीत. आमच्यात जो हुशार होता, म्हणजे मीच, त्याने लगेच निदान केले : पिवळा मोझॅक. पांढऱ्या माशीने रोग आणला, मधून पसरत चालला, वेळेत फवारा. शेतकऱ्याचा चेहरा उतरला. त्याची आई धुऱ्यावर शेळी धरून उभी होती. तिने मोबाइलच्या पडद्यावरचा गोल पाहिला, वावराकडे पाहिले आणि म्हणाली, "पह्यले तथी आमचं खयं व्हतं, भाऊ. तुमच्या इमानाले ते कसं दिसन?"

खळे! वर्षानुवर्षे बैल फिरवून, शेणाने सारवून, चोपून घट्ट केलेली जागा. मळणीयंत्र आले, खळे मोडले, जागा पेरणीखाली आली; पण खालची माती अजून तशीच आवळलेली. पाणी मुरत नाही, मूळ खाली जात नाही, पान पिवळे पडते. आम्ही वावरात गेलो, झाड उपटले, मुळे आडवी पसरलेली दिसली. पानावर मोझॅकचे ठिपके नव्हतेच. फवारणीचा खर्च वाचला, आणि खोल नांगरट आणि शेणखत हा खरा उपाय ठरला. ड्रोनने गोल बरोबर दाखवला होता. गोलाचा अर्थ त्या आजीकडे होता. मी मात्र दोघांच्या मधल्या चाळीस पावलांचा कंटाळा केला होता.

पाण्याच्या कामाकडे वळू. आपल्या जिल्ह्याचे नाव 'बुलढाणा पॅटर्न'मुळे गाजले. महामार्गांच्या भरावासाठी लागणारी माती-मुरूम तलावांतून, नाल्यांतून काढायची. रस्त्याला माती मिळते, गावाला पाणीसाठा. कल्पना इतकी सरळ, की आधी का सुचली नाही असे वाटते. पण गाळ किती निघाला, यावर वाद होतोच. पूर्वी टिपरच्या फेऱ्या मोजायचे आणि ब्रासमध्ये हिशेब मांडायचे, शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. टिपर पूर्ण भरला होता का, हे लिहिणाऱ्याच्या मनावर. ड्रोनने काम सुरू होण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा तळाचे उंचीचे चित्र घ्यायचे आणि एकातून दुसरे वजा करायचे. बाकी उरते तो खड्डा. इथे यंत्र माणसापेक्षा खरे बोलते. मात्र दोन अटी आहेत. तलावात पाणी असेल तर कॅमेरा पाण्याचा पृष्ठभाग मोजतो, तळ नाही. म्हणून चित्र कोरड्या तळाचे, ऐन उन्हाळ्यातले हवे. आणि गवत-झुडपे वाढली असतील तर त्यांचे शेंडे जमीन म्हणून मोजले जातात.

माथ्यावरच्या चरांचेही तसेच. पाणलोटाचा आराखडा करायला, ओघळ कुठून कुठे वाहतात हे गावाला दाखवायला ड्रोनच्या चित्रासारखे साधन नाही. पण चर खणताना समतल रेघ आखायला तीन काठ्यांचा इंग्रजी 'A' च्या आकाराचा सांगाडा आणि त्याला लोंबता दगड पुरतो. नाहीतर पाण्याची नळी लावलेला हायड्रोमार्कर. गावोगावच्या लोकांनी हेच हातात घेऊन डोंगर बांधून काढले. जिथे काठी पुरते तिथे बॅटरी जाळू नये.

ड्रोनची खरी गरज मला २२ जुलै २०२३ च्या पुरानंतर वाटली. संग्रामपूर आणि जळगाव जामोदमध्ये एका दिवसात नदीकाठची वावरे खरडून गेली. कुठे माती वाहून खाली दगड उघडा पडला, कुठे दुसऱ्याची माती आणि रेती येऊन पीक गाडले गेले. पंचनाम्यात या दोन नुकसानी वेगळ्या धरतात, आणि त्यांवरचे उपायही वेगळे. तलाठी आणि कृषी सहायक किती वावरांत चिखल तुडवणार? अशा वेळी पहिल्या दोन-चार दिवसांत घेतलेले चित्र पुरावाही ठरते आणि पुढच्या कामाचा नकाशाही : कुठे माती परत टाकायची, कुठे काठाला बांबू लावायचा, नदी कुठे नवी वाट शोधतेय. खारपाणपट्ट्यातही तेच. पूर्णेकाठच्या या खाऱ्या जमिनीत एकाच वावरात उगवण कुठे दाट, कुठे विरळ असते. ते विरळ ठिपके नेमके दाखवता आले तर मातीचा नमुना तिथूनच घेता येतो आणि जिप्समही तिथेच टाकता येते, सगळ्या एकरभर पैसा विखरावा लागत नाही.

जंगलाबाबत मात्र माझा हात आखडता आहे. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण वाघ महाराष्ट्र आणि तेलंगणातली शेते, नाले, रस्ते ओलांडत सुमारे १३०० किलोमीटर चालून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. गळ्यात पट्टा होता म्हणून त्याची वाट कळली. लोक त्याला 'वॉकर' म्हणू लागले. त्या वाटेने आपल्याला शिकवले की जंगल नकाशावरच्या हिरव्या तुकड्यावर संपत नाही. नाल्याकाठचे झुडूप, ई-क्लासची सरकारी पडीक जमीन, कापसाचे उभे वावर हेसुद्धा वाघाच्या लेखी रस्ते आहेत. ते सांधे कुठे तुटतात हे ड्रोन छान दाखवतो. वणवा कुठे लागला, कुऱ्हाड कुठे चालली, पाणवठा आटला का, हेही. पण दाट छताखालचे त्याला दिसत नाही. आणि तो स्वतः कुणाला कसा दिसतो? अमेरिकेत मिनेसोटातल्या अस्वलांच्या अंगात हृदयाचे ठोके मोजणारी उपकरणे बसवून वरून ड्रोन नेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका अस्वलाचे ठोके मिनिटाला ४१ वरून १६२ वर गेले. बाहेरून पाहणाऱ्याला ते अस्वल शांतच वाटले असते. ज्ञानगंगेतही अस्वले आहेत. म्हणून सहलीच्या चित्रफितीसाठी अभयारण्यावर, लोणारच्या पाखरांवर ड्रोन सोडणाऱ्या हौशी मंडळींना सांगतो, वनखात्याची परवानगी हा नुसता कागद नाही, त्यामागे एक धडधडते काळीज आहे.

फवारणीच्या ड्रोनबद्दल थोडक्यात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. पाठीवरचा पंप उतरवून दहा लिटरच्या टाकीचा ड्रोन काही मिनिटांत एकर फवारत असेल, तर त्याला नाक मुरडण्याचा अधिकार विष न हुंगलेल्या माणसाला नाही. 'नमो ड्रोन दीदी' या सरकारी योजनेमुळे बचत गटातल्या बाया हे यंत्र चालवू लागल्या, याचेही मला कौतुक आहे. पण कमी पाण्यात मिसळलेले तीव्र औषध वाऱ्याने शेजारच्या विहिरीवर, मधमाश्यांवर गेले तर दोष यंत्राचा नसतो, घाईचा असतो. २०२१ च्या ड्रोन नियमांनी वजनाप्रमाणे वर्ग केले, मोकळ्या क्षेत्रात ४०० फुटांची मर्यादा घातली, चालकाला प्रमाणपत्र लावले. नियम बरे आहेत. पण नियम आकाशातल्या यंत्राचे आहेत. खाली आलेल्या चित्राचे काय?

तिथेच माझे आजचे म्हणणे आहे. आपल्या गावावरून सरकारी ड्रोन उडतो, रस्त्यासाठी उडतो, विम्यासाठी, कंपनीच्या प्रयोगासाठी उडतो. चित्र जिल्ह्याला जाते, पुण्याला जाते, कुठल्याशा सर्व्हरवर जाते. गावात काय उरते? एक आवाज, आणि एक शंका. रात्री ड्रोन दिसल्याच्या अफवांमुळे मराठवाड्यातल्या गावांनी रात्री जागून काढल्या, ती भीती वेडगळ म्हणून हसण्याजोगी नव्हती. ज्याला आपले चित्र कधीच दाखवले जात नाही, तो आकाशातल्या दिव्याला भिणारच. परसात न्हाणाऱ्या बाईलाही विचारण्याचा हक्क आहे, की हे काय टिपतेय आणि कुणासाठी.

मी फार मोठी मागणी करत नाही. ड्रोन उडण्याआधी ग्रामसभेत विषय सांगावा. उडाल्यानंतर महिन्याभरात चित्र मोठ्या कापडावर छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावे, मोबाइलवरच्या दुव्यावर भागवू नये. आणि ते वाचायला एक दिवस ठेवावा : शाळेतली पोरे, भूकरमापक, कृषी सहायक आणि वावराची आठवण असलेली म्हातारी माणसे एकत्र. पोरांनी पडद्यावर बोट ठेवावे, म्हाताऱ्यांनी सांगावे, "इथं खळं होतं, इथं जुना पांदण रस्ता होता, इथं नाला बुजवला." आणि मग सगळ्यांनी मिळून शंका असलेल्या जागी चालत जावे.

म्हणूनच सुरुवातीला भेंडवळ आठवले. तिथल्या भाकितावर माझा विश्वास नाही, पण तिथल्या वाचनपद्धतीवर आहे. मांडणी उघड्यावर, वाचणारा समोर, चुकला तर विचारणारेही समोर. आमच्या विज्ञानाकडे ढेकळापेक्षा कितीतरी खरे चित्र आहे, आणि ते आम्ही बंद खोलीत वाचतो. ढेकळाचे भाकीत वावरात आणि सेंटिमीटरचा नकाशा कपाटात, ही उलटी रीत आपल्या जिल्ह्याने तरी मोडावी.

गुरुजी आज असते तर ड्रोन पाहून खूश झाले असते. त्यांनी तो आधी स्वतः उडवायला मागितला असता, आणि उतरल्यावर आमच्याकडे वळून म्हटले असते, चला आता, खाली.